खिंडीच्या पायथ्याचे व्हेराग्री

प्राचीन लेखकांच्या पानांत व्हेराग्री हे नाव मोजक्याच ठिकाणी येते. सीझरने त्यांच्यासाठी सहा आटोपशीर प्रकरणे खर्च केली. लिव्हीने त्यांना एका वाक्यात साक्षीदार म्हणून उभे केले, स्ट्रेबोने आल्प्समधल्या जमातींच्या यादीत बसवले, थोरल्या प्लिनीने दोनदा उल्लेख केला. अडीचशेहून अधिक वर्षांनी डिओ कॅसियसने सीझरचीच हकिकत थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितली. एवढ्याशा मजकुरावर आणि आजच्या स्वित्झर्लंडमधल्या मार्टिन्यी गावाच्या जमिनीतून निघालेल्या अवशेषांवर या जमातीचा सगळा इतिहास रचावा लागतो. हे सगळे लेखक रोमन बाजूचे आहेत आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा तर आक्रमण करणाऱ्या फौजेचा सेनापतीच आहे. तरीही नीट वाचले तर व्हेराग्रींची बाजू त्याच्याच मजकुरातून बऱ्यापैकी ऐकू येते, असे मला वाटते.

आधी जागा समजून घेऊ. ऱ्होन नदी आल्प्सच्या गाभ्यात उगम पावते आणि एका लांबलचक दरीतून नैर्ऋत्येकडे वाहत येते. मार्टिन्यीपाशी ती एकाएकी काटकोनात वळते आणि वायव्येला जिनिव्हाच्या सरोवराची वाट धरते. नेमक्या या कोपऱ्यावर दक्षिणेकडून द्रान्स नावाची डोंगरी नदी तिला येऊन मिळते. द्रान्सच्या काठाने वर वर चढत गेले की २,४६९ मीटर उंचीवरची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड लागते आणि पलीकडे इटलीतली आओस्ताची दरी. मार्टिन्यीची उंची साधारण ४७० मीटर, म्हणजे दोन हजार मीटरची चढण. रोमन मार्गसूचींत हे अंतर २५ मैल दिले आहे, आजच्या हिशेबाने सदतीसेक किलोमीटर. हिवाळ्यात ही वाट बर्फाखाली गडप होते.

या दरीत चार जमाती राहत. सरोवराच्या बाजूला नान्तुआती, नदीच्या वळणावर व्हेराग्री, त्यांच्या वरच्या अंगाला आजच्या सिओंभोवती सेदुनी आणि ऱ्होनच्या उगमाकडे उबेरी. खिंडीपलीकडची आओस्ताची दरी सालासींची. चौघींत व्हेराग्रींचा मुलूख मोठा नव्हता आणि सुपीक तर मुळीच नव्हता. त्यांच्याकडे होते ते खिंडीचे उत्तरेकडचे तोंड. इटलीतून येणाऱ्या व्यापाऱ्याला चढण उतरल्यावर पहिला मुक्काम त्यांच्या ऑक्टोदुरुस गावात करावा लागे. परत जाताना चढणीआधीचा शेवटचा मुक्कामही तिथेच. वाटाड्या, ओझी वाहणारी जनावरे, चारा, हवामानाचा अंदाज हे सगळे स्थानिकांकडूनच घ्यायचे, आणि त्याचे मोल द्यायचे.

हे मोल रोमला खुपत होते. इ.स.पू. ५७ च्या शरदात सीझरने बेल्जी जमातींचा पाडाव केला. गॉल शांत झाला, असे त्याने जाहीर केले आणि रोममध्ये सेनेटने १५ दिवसांचा देवपूजेचा सोहळा ठरवला. सीझर इटलीकडे निघाला आणि जाता जाता त्याने सर्व्हियस सुल्पिसियस गाल्बा या अधिकाऱ्याला बारावी लीजन आणि थोडे घोडदळ देऊन या दरीत धाडले. कारण त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे: आल्प्समधल्या या वाटेने व्यापारी जात-येत, पण त्यांना मोठा धोका पत्करावा लागे आणि जबर जकात भरावी लागे. ती वाट त्याला मोकळी करायची होती. गॉलमधल्या इतर मोहिमांसाठी सीझर मित्रांच्या तक्रारी, जुने अपमान, जर्मनांचा धोका अशी कारणे रचत जातो. इथे मात्र तो सरळ जकातीवर येतो. मला हा मजकूर त्यामुळेच विश्वासार्ह वाटतो.

गाल्बाने काही चकमकी जिंकल्या, काही गढ्या घेतल्या. जमातींनी वकील पाठवले, मुले ओलीस दिली, तह झाला. दोन कोहॉर्ट, म्हणजे लीजनमधल्या तुकड्या, नान्तुआतींच्या मुलखात ठेवून उरलेल्या फौजेसह गाल्बा ऑक्टोदुरुसमध्ये हिवाळा काढायला उतरला. गावाचे वर्णन सीझर थोडक्यात पण नेमके करतो: दरीत वसलेले, लगत फार मोठे मैदान नाही, चहूकडे उंच डोंगर, मधून नदी वाहते आणि गावाचे दोन भाग करते. गाल्बाने एक भाग गावकऱ्यांना ठेवला, दुसरा रिकामा करवून तिथे छावणी टाकली, खंदक आणि तटबंदीचे काम सुरू केले. थंडीच्या तोंडावर अर्धे गाव घराबाहेर काढले गेले, ही गोष्ट सीझर एका उपवाक्यात उरकतो.

काही दिवसांनी हेरांनी बातमी आणली की गावकऱ्यांना दिलेला भाग रातोरात रिकामा झाला आहे आणि भोवतालच्या उंचवट्यांवर सेदुनी आणि व्हेराग्री मोठ्या संख्येने जमले आहेत. त्यांनी उठाव का केला, याची कारणे सीझर एकामागून एक देतो. लीजन अपुरी होती. दोन कोहॉर्ट दूर होत्या आणि बरेच सैनिक धान्य आणायला पांगले होते. वरून उतारावर धावून गेलो तर पहिलाच तडाखा रोमनांना झेपणार नाही, असा डोंगरी लोकांचा अंदाज होता. आपली मुले ओलीस म्हणून नेली, याचा त्यांना सल होता. आणि शेवटी, रोमनांना नुसती वाट नको आहे, आल्प्सची शिखरे कायमची ताब्यात घेऊन हा मुलूख शेजारच्या प्रांताला जोडायचा आहे, अशी त्यांची खात्री झाली होती.

ही खात्री पुढे शब्दशः खरी ठरली. व्हेराग्रींचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचले ते शत्रूच्या लेखणीतून, पण त्यात कुठेही त्यांना भोळसट किंवा रानटी ठरवलेले नाही. रोमच्या हेतूचे त्यांनी केलेले निदान सीझरने खोडूनही काढलेले नाही.

लढाई सहा तासांहून अधिक चालली. डोंगरावरून दगड आणि गायसा नावाचे भाले यांचा मारा होत होता. तटबंदीचे काम अर्धवट होते. हल्लेखोर दमले की मागे जात आणि ताज्या दमाचे लोक पुढे येत; रोमनांची संख्या इतकी तुटपुंजी की जखमी माणसालाही जागा सोडता येईना. तेव्हा पुब्लियस सेक्स्तियस बाकुलुस हा लीजनचा वरिष्ठ सेंच्युरियन आणि गायस वोलुसेनुस हा ट्रिब्यून गाल्बाकडे धावत गेले. आता एकच उपाय उरला आहे, बाहेर पडून तुटून पडायचे, असे त्यांनी सांगितले. सैनिकांना थोडा वेळ नुसते वार झेलत दम खाऊ दिला आणि इशारा होताच सगळ्या दरवाजांतून एकदम बाहेर काढले. डोंगरी फौज गोंधळली आणि फुटली. ३०,०००हून अधिक हल्लेखोरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मारले गेले, असे सीझर सांगतो.

बाकुलुस आणि वोलुसेनुस या दोघांची नावे सीझरच्या वाचकांना ओळखीची आहेत. बाकुलुस त्याच वर्षी नेर्व्ही या बेल्जी जमातीविरुद्धच्या लढाईत पुष्कळ जखमा होऊन उभाही राहू शकत नव्हता; वोलुसेनुसला दोन वर्षांनी सीझर ब्रिटनचा किनारा टेहळायला पाठवणार होता. गाल्बाचीही पुढची वाट मजेशीर आहे. कॉन्सुलपद हुकल्यावर तो सीझरवर रुष्ट झाला आणि इ.स.पू. ४४ च्या कटात सामील झाला. पुढे सम्राट झालेला गाल्बा हा त्याचा पणतू.

आता निकालाचे पाहू. दुसऱ्याच दिवशी गाल्बाने गावातली सगळी घरे जाळली आणि तो दरी सोडून चालता झाला. नान्तुआतींच्या मुलखातून अल्लोब्रोगी जमातीकडे पोहोचला आणि हिवाळा त्याने तिकडेच काढला. धान्याची टंचाई आणि पुन्हा दैव आजमावण्याची अनिच्छा, अशी कारणे दिली आहेत. सीझर ही हकिकत विजयाच्या सुरात सांगतो. पण ज्या कामासाठी लीजन पाठवली होती ते काम झाले नाही. वाट मोकळी झाली नाही, जकात बंद झाली नाही, मुक्काम उठवावा लागला. दहा हजार माणसे मारून दरी जिंकली असेल, तर जिंकलेली दरी दुसऱ्या दिवशी सोडून का जायचे? डिओ कॅसियसच्या हकिकतीतही गाल्बा जिवावर उदार होऊन बाहेर पडतो, नंतर सूड उगवतो, आणि तरी हिवाळ्यासाठी तिथे थांबत नाही. माझ्या हिशेबी हा रोमचा पराभव नसला तरी माघार नक्कीच आहे आणि तिला विजयाचा मुलामा चढवला आहे.

३०,०००चा आकडा तर मुळीच पचत नाही. या दरीतल्या मधल्या टप्प्यातल्या दोन जमातींनी एवढे लढवय्ये उभे करायचे, तर बायकामुलांसह लोकवस्ती लाखाच्या पुढे धरावी लागेल. डोंगरउतारावरची शेती, कुरणे आणि मर्यादित सपाट जमीन यांवर तेवढी तोंडे पोसली जाणे अवघड. उलट रोमनांची बाजू मोजता येते. आठ कोहॉर्ट, कागदावर चार हजारांच्या आत. त्यातही ही लीजन नेर्व्हींविरुद्धच्या लढाईत चांगलीच झिजलेली. समोरचा शत्रू किती मोठा दाखवायचा हे गाल्बाच्या अहवालावर आणि सीझरच्या गरजेवर अवलंबून होते.

पुढच्याच प्रकरणात सीझर आढावा घेताना म्हणतो की बेल्जी हरले, जर्मन हाकलले गेले आणि आल्प्समध्ये सेदुनी जिंकले गेले. ज्यांच्या गावात छावणी पडली, ज्यांची घरे जळाली, त्या व्हेराग्रींचे नाव त्या ओळीतून गळले आहे. घाईत सुटले असेल. पण या जमातीच्या नशिबी असे गळणे पुढेही आले.

त्यानंतरची चाळीसेक वर्षे ग्रंथांच्या दृष्टीने कोरी आहेत. दरी कुणी, केव्हा आणि कशी ताब्यात घेतली याचे वर्णन कुठल्याही प्राचीन लेखकाने केलेले नाही, म्हणून कडेच्या घटनांवरून अंदाज बांधावा लागतो. खिंडीच्या दक्षिणेकडचे सालासी रोमला दीर्घकाळ नडले. सोन्याच्या खाणी, पाण्याचे तंटे, वाटसरूंकडून वसुली, सगळेच तिथे होते. इ.स.पू. २५ मध्ये तेरेंतियस वारो याने त्यांचा बीमोड केला. स्ट्रेबोच्या म्हणण्याप्रमाणे ३६,००० माणसे आणि शिवाय ८,००० लढवय्ये गुलाम म्हणून विकले गेले. त्यांच्या जागी ३,००० रोमन सैनिक वसवून ऑगस्टा प्रेटोरिया हे नगर उभारले; तेच आजचे आओस्ता. दक्षिणेचे तोंड असे बंद झाल्यावर उत्तरेच्या व्हेराग्रींपुढे फारसे पर्याय उरले नसावेत. इ.स.पू. १५ मध्ये ऑगस्टसच्या सावत्र मुलांनी, तिबेरियस आणि द्रुसस यांनी, मध्य आल्प्सची मोहीम पुरी केली. मोनॅकोजवळ ला त्युर्बी इथे उभारलेल्या विजयस्तंभावर जिंकलेल्या जमातींची यादी कोरली होती, ती प्लिनीने उतरवून घेतली. तीत उबेरी, नान्तुआती, सेदुनी, व्हेराग्री ही चारही नावे ओळीने येतात आणि लगेच पुढे सालासी.

जमिनीवरचा एक पुरावा इथे उपयोगी पडतो. द्रान्सच्या खोऱ्यात लिद गावच्या वर, २,६५० मीटर उंचीवर, कोरड्या दगडांची एक भली मोठी भिंत आहे. लोकांनी तिला हॅनिबलचे नाव दिले. हॅनिबलचा तिच्याशी काहीही संबंध नाही. उत्खननातून ती इ.स.पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातली, सैनिकी ठाण्याची ठरली आहे. म्हणजे सीझरनंतरच्या त्या कोऱ्या काळात कुणीतरी या वाटेवर अशा उंचीवर पहारा देत होते, जिथे हौसेने कुणी राहणार नाही.

हॅनिबलचा मुद्दा निघालाच आहे तर लिव्हीची साक्षही पाहून घेऊ. त्याच्या काळी बऱ्याच जणांना वाटे की हॅनिबलने इ.स.पू. २१८ मध्ये याच खिंडीतून आल्प्स ओलांडले आणि प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या, लोकांवरून तिचे नाव पोएनिनस पडले. लिव्ही हे खोडून काढतो. तिथे राहणाऱ्या सेदुनी आणि व्हेराग्रींना असे काही ठाऊक नाही, माथ्यावर ज्याचे ठाणे आहे त्या देवावरून हे नाव आहे, असे तो म्हणतो. वादाचा निकाल लावायला त्याने स्थानिक लोकांची माहिती प्रमाण मानली. व्हेराग्री इतिहासात लढवय्ये म्हणून एकदा येतात आणि जाणकार म्हणून एकदा.

हा देव जमातीपेक्षा चिवट निघाला. रोमनांनी त्याला ज्युपिटर पोएनिनस केले आणि खिंडीच्या माथ्यावर दगडी देऊळ बांधले. तिथून सुमारे ५० कांस्यपट्ट्या सापडल्या आहेत. सैनिक, गुलाम, मुक्त झालेले गुलाम, निरोपे अशा वाटसरूंनी बोललेले नवस त्यांवर कोरलेले आहेत. काहींनी स्पष्टच लिहिले आहे की जाण्यासाठी आणि सुखरूप परत येण्यासाठी. माथ्यावरच्या तळ्याजवळून शेकडो केल्टिक नाणीही निघाली आहेत. म्हणजे ज्युपिटर येण्याच्या कितीतरी आधीपासून वाटसरू इथे देवाला पैसे वाहत होते. या दरीतल्या जमाती स्वतःही नाणी पाडत. उत्तर इटलीत प्रचलित असलेल्या चांदीच्या द्राख्मा मूळ मासालियाच्या, म्हणजे आजच्या मार्सेयच्या नाण्यांवरून घेतलेल्या. त्यांच्याही नकला इथे झाल्या. कुठले नाणे व्हेराग्रींचे आणि कुठले शेजाऱ्यांचे यावर नाणेतज्ज्ञांचे एकमत नाही, आणि तो वाद सामान्य वाचकाने त्यांच्यावरच सोडावा.

रोमच्या ताब्यात गेल्यावर व्हेराग्रींचे काय झाले? सालासींसारखी त्यांची विक्री झाल्याचा कुठेही उल्लेख नाही. इथे कारभार वेगळ्या तऱ्हेने चालला. दरीवर अंमल करायला एक प्रीफेक्ट आला. सेक्स्तस पेदियस लुसियानस हिर्रुतुस या अधिकाऱ्याचा शिलालेख इटलीत सापडला आहे. तो रेती, विंदेलिसी या जमाती आणि पोएनिन दरी, म्हणजे हीच दरी, यांचा प्रीफेक्ट होता आणि त्याआधी एका लीजनचा वरिष्ठ सेंच्युरियन, म्हणजे बाकुलुसच्याच हुद्द्यावरचा माणूस. जमाती मात्र आपापल्या नावानिशी टिकल्या. नान्तुआती आणि सेदुनी यांनी ऑगस्टसला आपला आश्रयदाता म्हणत शिलालेख कोरवले आणि नंतर चारही जमातींनी मिळून राजघराण्याला एक शिलालेख अर्पण केला. हरलेल्यांनी जेत्याला पालक म्हणायचे ही रोमची रीत होती, आणि तिच्यात दोन्ही बाजूंची सोय होती.

नाव पुसले गेले ते क्लॉडियसच्या कारकिर्दीत. इ.स. ४१ नंतर लवकरच या सम्राटाने ऑक्टोदुरुसशेजारी नवे नगर आखले. सरळ रेषेतले रस्ते, मधोमध चौक, बासिलिका, दुकाने. त्याला फोरुम क्लॉडिई व्हालेन्सियुम म्हटले गेले. चारही जमाती एकाच नागरी घटकात विलीन झाल्या आणि व्हालेन्सेस, म्हणजे दरीतले लोक, अशी त्यांची नवी ओळख ठरली. आजच्या व्हाले प्रांताचे नाव त्याच मुळातले. प्लिनी ऑक्टोदुरुसकरांना लॅटिन हक्क मिळाल्याचे सांगतो. कत्तलीने जे झाले नाही ते नगररचना आणि नागरी हक्क यांनी एका पिढीत केले. हे दुःखद होते की सोयीचे, याचे उत्तर त्या पिढीतल्या माणसागणिक बदलले असते. ज्याच्या आज्याचे घर गाल्बाने जाळले त्याचा नातू कदाचित नव्या चौकात दुकान थाटून बसला असेल.

क्लॉडियसला या नगराचे महत्त्व का वाटले, हे उघड आहे. इ.स. ४३ मध्ये ब्रिटनची मोहीम सुरू झाली आणि इटलीतून उत्तरेकडे जाणारा जवळचा रस्ता याच खिंडीतून होता. इ.स. ६९ च्या यादवीत सेसिना हा सेनापती ऱ्हाइनकडची फौज घेऊन बर्फ वितळण्याआधीच याच वाटेने इटलीत उतरला. जकातीचे म्हणाल तर ती कुठेच गेली नाही. खाली नान्तुआतींच्या मुलखात, आजच्या सेंट मॉरिसला, रोमचा जकातनाका बसला आणि तिथे मालाच्या किमतीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, वसूल होऊ लागला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दर ठरलेला आणि पावती मिळणारी, एवढा फरक पडला. वसुली आजही चालू आहे: १९६४ मध्ये खिंडीखालून काढलेल्या बोगद्यातून जायचे तर टोल द्यावा लागतो. पैसे न देता गेलेला बडा वाटसरू म्हणजे नेपोलियन. मे १८०० मध्ये तो सैन्यासह इथून गेला, बुर्ग सेंट पिएर गावाला भरपाईचा शब्द दिला आणि विसरला. १९८४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी गावाची प्रतीकात्मक समजूत काढली तेव्हा तो विषय मिटला.

मार्टिन्यीत आज दिसतो तो बहुतेक रोमन काळ. १८८३ मध्ये बासिलिकेच्या जागी मोठ्या कांस्यमूर्तींचे तुकडे निघाले. त्यांत तीन शिंगांच्या बैलाचे मस्तक आहे. तीन शिंगे हे ग्रीक-रोमन देवकथांत न बसणारे लक्षण, गॉलमध्ये मात्र ओळखीचे. रोमन धाटणीच्या ओतकामात स्थानिकांचा देव घुसला आहे, आणि तोही नगराच्या ऐन चौकात. १९७६ मध्ये लेओनार जियानाद्दा हे अभियंते निवासी इमारत बांधायला गेले आणि पायाखाली देऊळ लागले. त्यांनी इमारतीचा बेत सोडला आणि विमान अपघातात गेलेल्या आपल्या भावाच्या, पिएरच्या नावाने त्या अवशेषांभोवती संग्रहालय उभे केले. ते देऊळ रोमन पद्धतीचे नाही. चौकोनी गाभारा आणि भोवती ओवरी अशी गॉली घडण आहे आणि क्लॉडियसचे नगर आखले जाण्याच्या आधीपासून तिथे पूजा चालू होती. मला विचाराल तर व्हेराग्रींच्या सर्वांत जवळ आपण पोहोचतो ते इथे. अँफिथिएटरही दुरुस्त करून वापरात आहे. शरद ऋतूत तिथे एरँस जातीच्या गायींच्या झुंजी लावतात. काही हौशी मंडळी ही प्रथा थेट तीन शिंगांच्या बैलाशी नेऊन भिडवतात. त्याला आधार नाही.

ख्रिस्ती काळात ऑक्टोदुरुस हे नाव पुन्हा वर आले. तिथला बिशप थिओडोर इ.स. ३८१ मध्ये अक्विलेयाच्या धर्मसभेत हजर होता. सहाव्या शतकात बिशपचे पीठ सिओंला, म्हणजे सेदुनींच्या जुन्या गावाला, हलले आणि ऑक्टोदुरुस मागे पडले.

उरतो तो मूळ गावाचा प्रश्न. गाल्बाने जाळलेले, नदीने दुभागलेले ते ऑक्टोदुरुस नेमके कुठे होते, हे निर्विवादपणे दाखवता आलेले नाही. क्लॉडियसच्या नगराखाली ते सलगपणे सापडत नाही. अडचण द्रान्सची आहे. ही नदी पात्र बदलत आली आहे आणि तिच्या खोऱ्यात हिमनदी कोसळून साचलेले पाणी अचानक फुटण्याचे प्रकार घडतात. १५९५ मध्ये तसे झाले, जून १८१८ मध्ये जीत्रो हिमनदीचा बांध फुटून मार्टिन्यीपर्यंत लोंढा आला. दोन हजार वर्षांत अशा किती पुरांनी किती गाळ-गोटे पसरले असतील! मार्टिन्यीत नवा पाया खणला जातो तेव्हा आधी पुरातत्त्ववाले उतरतात. त्यांना हवा आहे तो या गोट्यांखालचा जळक्या लाकडाचा थर. स्वित्झर्लंडमध्ये झाडाच्या वलयांवरून ते कोणत्या वर्षी तोडले हे काढण्याचे शास्त्र चांगलेच पुढे गेले आहे. बाहेरच्या सालीपर्यंत शाबूत असलेली एखादी तुळई मिळाली, तर व्हेराग्रींच्या गावातले एखादे घर कोणत्या साली उभे राहिले ते सीझरला न विचारता सांगता येईल.